आधी पिंजरा, मग पक्षी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की शहरांतील पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. कुत्रा किंवा मांजर फ्लॅटमध्ये झेपणारे नसते, देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे, आणि मुलांचा हट्ट तर पुरवायचा असतो. अशा वेळी फिंच किंवा कॅनरी या चिमुकल्या पक्ष्यांची एखादी जोडी हा सोयीचा मार्ग वाटतो. दुकानदार पाच मिनिटांत एक जोडी, दीड फुटी पिंजरा, घरट्यासाठी एक मडके आणि किलोभर राळे हातात ठेवतो आणि ‘यांचं काही करावं लागत नाही’ असे वर सांगतो. यांतले अनेक पक्षी पुढचा पावसाळा पाहत नाहीत. अज्ञान हे त्याचे एक कारण आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठे कारण असे की खरेदीचा क्रमच उलटा असतो: प्रथम पक्षी आवडतो, मग त्याला मावेल तेवढा पिंजरा घेतला जातो आणि शेवटी घरात जागा शोधली जाते. हा क्रम सुलटा व्हावा आणि तो सुलटा करण्याची काही जबाबदारी विक्रेत्यावरही यावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

दुकानात ‘फिंच’ या एका नावाखाली अनेक निरनिराळे पक्षी मिळतात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत काटक तो झेब्रा फिंच. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी आहे. त्या देशाने १९६० सालीच तेथील पक्ष्यांची निर्यात थांबवली असल्यामुळे आज आपल्याकडे दिसणारे झेब्रा फिंच पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. यातले नर-मादी ओळखणे अगदी सोपे असते. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळे-पांढरे पट्टे आणि कुशीवर तांबूस पट्ट्यात पांढरे ठिपके असतात, तर मादीचा गाल राखाडी असतो आणि तिची चोच नराच्या चोचीपेक्षा फिकट असते. चोच काळी असेल तर ते पिल्लू आहे आणि त्याला अजून आईबापांपासून तोडायला नको होते, असे खुशाल समजावे. दुसरा पक्षी बंगाली फिंच. नाव बंगाली असले तरी त्याला माणसाळवण्याचे श्रेय मुख्यतः जपानकडे जाते. त्याचा वन्य पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मुनिया, आणि तिच्या भाईबंद मुनिया आपल्या कोकणातही दिसतात. स्वभावाने हा पक्षी इतका शांत असतो की इतर फिंच जातींची अंडी आणि पिल्ले त्याच्याकडून वाढवून घेण्याची पक्षीपालकांत जुनी पद्धत आहे. पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्याने या दोघांच्या पलीकडे जाऊ नये. रंगाला भुलून गोल्डियन फिंच घेणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन की हा पक्षी देखणा खरा, पण थंडी, ओल आणि श्वासनलिकेतील किडे यांना तो लवकर बळी पडतो. दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी आल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

याच दुकानांत, आणि त्याहून अधिक आठवडी बाजारांत व रस्त्याच्या कडेला, मुनिया ‘फिंच’ म्हणून विकल्या जातात. लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया, चांदीचोच मुनिया हे आपल्या माळरानांवरचे आणि गवताळ भागांतले वन्य पक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे, आणि भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. तरीही जाळ्यात धरलेल्या या मुनियांना हिरवा, गुलाबी, पिवळा रंग फासून ‘परदेशी फिंच’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्याचा धंदा चालतो. ओळखण्याच्या खुणा आहेत. फासलेला रंग पिसांवर सारखा बसत नाही, पिसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, आणि रंगाचा ओघळ पायांवर किंवा चोचीच्या कडेलाही सापडतो. जाळ्यातून नुकताच आलेला पक्षी माणूस जवळ गेला की गजांवर धडका घेतो, आणि त्यामुळे त्याच्या कपाळावरची पिसे, चोचीच्या अगदी वरची, घासून गेलेली असतात. पिंजऱ्यात जन्मलेला झेब्रा फिंच घाबरला तरी एका काठीवरून दुसऱ्या काठीवर उडतो. तो असा डोके आपटत बसत नाही. असे पक्षी दिसल्यास दया येऊन ते विकत घेऊ नयेत, कारण एक पिंजरा रिकामा झाला की तो भरायला दुसरे जाळे लागते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कायद्याचा आणखी एक पदर बहुतेक ग्राहकांना माहीत नसतो. दुकानात ज्याला नुसते ‘जावा’ म्हणतात, तो राखाडी अंगाचा, जाड गुलाबी चोचीचा, पांढऱ्या गालांचा पक्षी इंडोनेशियातल्या आपल्या मूळ घरी आज संकटग्रस्त आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून साइट्स परिशिष्टांतील परदेशी प्राणी-पक्षी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले असून, २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. झेब्रा फिंच, बंगाली फिंच आणि कॅनरी यांना ही अट लागू नाही. जावा विकताना नोंदणीबद्दल अवाक्षर न काढणारा दुकानदार गिऱ्हाइकाला नकळत अडचणीत टाकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पक्षी निवडण्याआधी आपण कुठल्या गावात, कुठल्या मजल्यावर आणि कशा घरात राहतो याचा विचार व्हायला हवा, आणि महाराष्ट्रात तर तो फारच आवश्यक आहे, कारण एकाच राज्यात आपल्याकडे चार-पाच प्रकारची हवा नांदते. कॅनरी हा अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटे, मदिरा आणि अझोर्स येथला, म्हणजे समशीतोष्ण हवेचा पक्षी आहे. युरोपात त्याच्यावर शेकडो वर्षे संस्कार झाले तेही थंड हवेत. नागपूर, चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत कॅनरी ठेवणे म्हणजे त्याला जाणूनबुजून मारणे आहे. उष्मा झालेला पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकतो. ही अवस्था दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. झेब्रा फिंच कोरडी उष्णता बरीच सोसतो, मात्र कोकणपट्टीतल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या पावसाळ्याची ओल त्याला मानवत नाही. पुणे आणि नाशिककरांचे हवामान या पक्ष्यांना त्यातल्या त्यात अनुकूल असले, तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गार झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देणे तेथेही महागात पडते. थोडक्यात, विदर्भात कूलर किंवा वातानुकूलन नसेल तर कॅनरीचा विचार सोडावा आणि किनारपट्टीवर कोरड्या, हवेशीर खोलीची सोय नसेल तर कोणताच लहान पक्षी आणू नये.

कॅनरीच्या बाबतीत आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लोक त्याला गाण्यासाठी घेतात, पण गातो तो नर. मादी साधारणतः चिवचिवाटापलीकडे जात नाही. रंगरूपावरून नर-मादी सांगता येत नाही, म्हणून दुकानदाराच्या ‘नरच आहे’ या शब्दावर विसंबू नये. दुकानात अर्धा तास उभे राहावे, पक्ष्याला प्रत्यक्ष गाताना ऐकावे आणि मगच पैसे मोजावेत. गाणारा नर एकटाच ठेवला तरी चालतो. दोन नर एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नयेत, ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. फिंचचे याच्या नेमके उलट आहे: हा थव्याने राहणारा पक्षी असल्यामुळे एकटा ठेवलेला फिंच कुढतो, आणि म्हणून दोन किंवा अधिक फिंच एकत्र ठेवणेच योग्य. वर्षातून एकदा पिसे झडण्याच्या काळात कॅनरीचे गाणे बंद होते, तेव्हा पक्षी आजारी पडला असे समजून औषधांचा मारा करू नये. त्याचे गाणे ऋतूंशी आणि दिवसाच्या लांबीशी बांधलेले असते. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८०च्या दशकात कॅनरीवरच संशोधन करून दाखवून दिले की त्याच्या मेंदूतील गाण्याशी संबंधित भाग ऋतूनुसार वाढतो आणि आक्रसतो आणि प्रौढ पक्ष्याच्या मेंदूतही नव्या चेतापेशी तयार होतात. रात्री बारापर्यंत दूरदर्शन संच आणि दिवे चालू असणाऱ्या दिवाणखान्यात पिंजरा टांगला तर या पक्ष्याला दिवस कुठला आणि रात्र कुठली तेच कळेनासे होते, तो अवेळी पिसे टाकत राहतो आणि गाणे हरवून बसतो. त्याला रोज दहा-बारा तासांचा सलग अंधार मिळालाच पाहिजे. लाल रंगाचा कॅनरी घेणाऱ्यांसाठी एक अधिकची सूचना: १९२०च्या दशकात जर्मनीत व्हेनेझुएलातील लाल सिस्किन या पक्ष्याशी संकर करून हा वाण सिद्ध झाला, पण पिसे येण्याच्या काळात आहारातून रंगद्रव्ये मिळाली नाहीत तर पुढच्या पिसांना तो गडद लाल रंग येत नाही, पक्षी फिकट नारिंगी दिसू लागतो. त्यात फसवणूक झालेली नसते, पण ही गोष्ट आधी सांगितली तर कुणाचा विरस होणार नाही.

पिंजऱ्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. बाजारात मिळणारे गोल, घुमटाकार, सोनेरी पिंजरे हे माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेले असतात. फिंच आणि कॅनरी पोपटासारखे गज धरून वर चढत नाहीत. ते आडवे उडतात. त्यामुळे उंची कितीही असली तरी लांबी नसेल तर तो पिंजरा त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. फिंचच्या एका जोडीला पिंजरा निदान तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच असावा, आणि एकट्या कॅनरीलाही दोन फुटांपेक्षा कमी लांबी चालवून घेऊ नये. दुकानातला दीड फुटी पिंजरा हा घरी आणेपर्यंतची सोय म्हणून ठीक, राहण्याचे घर म्हणून नाही. गजांमधील अंतर एक सेंटिमीटरच्या आसपास असावे. लव्हबर्डसाठीच्या पिंजऱ्याच्या गजांतून झेब्रा फिंच सहज निसटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याचे डोके मध्येच अडकते. वर सरकवायची दारे असतील तर त्यांना कपड्यांचे चिमटे लावावेत, कारण दार पुरते बसले नाही तर एवढीशी फटही फिंचला पुरते. नव्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो आणि त्याचे कण चोचीतून पोटात गेल्यास विषबाधा होते. म्हणून पक्षी आत सोडण्यापूर्वी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवावी.

पिंजऱ्यासोबत ज्या प्लास्टिकच्या, एकाच जाडीच्या गुळगुळीत काठ्या येतात त्या काढून टाकाव्यात. सतत एकाच जाडीची काठी पकडून पक्ष्याच्या तळपायांना फोड येतात. त्याऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, कीटकनाशक न फवारलेल्या फांद्या स्वच्छ धुऊन, वाळवून, निरनिराळ्या जाडीच्या निवडून बसवाव्यात. दोन फांद्या पिंजऱ्याच्या दोन टोकांना लावाव्यात आणि मधली जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पक्ष्याला उड्या न मारता खरोखर पंख वापरून उडावे लागेल. पाण्याचे व दाण्याचे भांडे फांद्यांच्या बरोबर खाली नसावे, नाहीतर पक्षी स्वतःच्या विष्ठेचे पाणी पितो. पिंजऱ्यात झोपाळे, आरसे, घंटा यांची गर्दी करण्याची हौस अनेकांना असते. माझ्या मते त्या पैशांत आणखी अर्धा फूट लांबी घ्यावी.

पिंजरा ठेवायचा कुठे? साधारणपणे आपल्या छातीच्या किंवा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून, सकाळचे कोवळे ऊन काही वेळ येईल पण पक्ष्याला हवे तेव्हा सावलीत जाता येईल अशा ठिकाणी. बाल्कनीत ठेवणाऱ्यांना कावळे, मांजरे आणि घुशी यांचा विचार करावाच लागतो. रात्री उघड्या बाल्कनीत राहिलेला पिंजरा सकाळी रिकामा सापडल्याच्या कहाण्या प्रत्येक सोसायटीत आहेत. पिंजऱ्याचे दार उघडताना पंखा बंद आहे ना, हे पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांच्या मुलांनाही, लावून घ्यावी. स्वयंपाकघर मात्र पूर्णपणे वर्ज्य. पक्ष्यांच्या शरीरात फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतले काहीही, प्राणवायू असो वा विष, आपल्यापेक्षा फार वेगाने त्यांच्या रक्तात उतरते. याच कारणाने ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी नेले जात आणि ही प्रथा १९८६ पर्यंत टिकून होती. खाणीतला कॅनरी ज्यामुळे कोसळायचा तो कार्बन मोनॉक्साइड. आपल्या घरात त्याची जागा अति तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने घेतली आहे. गॅसवर विसरलेला असा एक रिकामा तवा माणसाला डोकेदुखीही न देता शेजारच्या खोलीतले पक्षी मारू शकतो. धूप, अगरबत्ती, कापूर, सुगंधी फवारे, भिंतींचा ताजा रंग, यांपैकी काहीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. डास पळवणाऱ्या वड्या आणि यंत्रेही त्यातच आली. पण येथे एक पेच आहे: कॅनरीला होणारा देवीचा रोग आणि पक्ष्यांचा मलेरिया डासांमार्फतच पसरतो, त्यामुळे डासांकडे दुर्लक्षही करता येत नाही. त्यावर उपाय जुनाच आहे. संध्याकाळ झाली की पिंजऱ्यावर बारीक जाळीची मच्छरदाणी टाकावी, चारही बाजूंनी खाली खोचावी. वडी नको, धूर नको, आणि रात्रीच्या मांजरापासूनही थोडे संरक्षण होते.

आहाराबद्दल एकच गोष्ट जवळून दाखवावीशी वाटते. फिंच दाणा चोचीत घेतो, फिरवतो, साल सोलून गर खातो आणि टरफल तिथेच, त्याच वाटीत टाकतो. संध्याकाळी पाहिले तर वाटी काठोकाठ भरलेली दिसते. घरातले म्हणतात, ‘आज काही खाल्लंच नाही वाटतं.’ वाटी हातात घेऊन वर हलकी फुंकर मारून पाहावी. टरफले उडून जातात आणि तळाशी पाच-दहा दाणे उरलेले असतात, कधी तेवढेही नसतात. बारा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या अंगात शिल्लक ती किती असणार. एक दिवस उपास घडला तरी तो दगावतो. दोन-तीन दिवस गावाला जाताना ‘वाटी भरून ठेवली आहे’ म्हणणाऱ्यांच्या घरी परतल्यावर मेलेले पक्षी सापडतात ते यामुळे. ही फुंकर रोज सकाळी मारावी, पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि नुसत्या राळ्यांवर विसंबून राहू नये. राळ्यासोबत वरी, बाजरी, कॅनरी सीड असे मिश्रण द्यावे, एक दिवसाआड धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा पालक, अधूनमधून मोड आलेले धान्य आणि पिल्लांच्या काळात उकडलेले अंडे. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवून ठेवावा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातही तो मिळतो. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, म्हणून त्या चार महिन्यांत पाच किलोची गोणी स्वस्त पडते तरी घेऊ नये. थोडे घ्यावे, काचेच्या बरणीत ठेवावे आणि कुबट वास आला तर फेकून द्यावे.

जोडीसोबत विकल्या जाणाऱ्या मडक्याविषयी मला सर्वांत जास्त तक्रार आहे. झेब्रा फिंचला घरटे मिळाले की तो विणीला लागतो आणि पावसाळा, उन्हाळा असा भेद करीत नाही. मादी चार-सहा अंडी घालते, दोन आठवड्यांत ती फुटतात, तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात, आणि ती स्वतःचे दाणे सोलू लागण्याच्या आधीच मादी पुढच्या अंड्यांवर बसलेली असते. तीन महिन्यांत तीच पिल्ले वयात येतात आणि भावंडांतच जोड्या जमतात. वर्षभर मडके लटकत राहिले तर मादी चुना आणि ताकद गमावून बसते, अंडे अडकून मरते, आणि दोन पक्ष्यांच्या पिंजऱ्यात दहा-बारा पक्षी एकमेकांची पिसे उपटत बसतात. मग ही मंडळी कुणाच्या तरी गळ्यात मारली जातात किंवा ‘मुक्त केली’ म्हणून गच्चीवरून सोडली जातात. पिंजऱ्यात जन्मलेल्या फिंचला बाहेर अन्न शोधता येत नाही, तो कावळ्यांच्या तोंडी जातो. पिल्ले नको असतील तर मडके घेऊच नये. फिंच फांदीवर आनंदाने झोपतो. विण हवीच असेल तर वर्षातून दोनदा पुरे, आणि घरट्यात सुती दोरे किंवा लोकर न देता वाळके गवत आणि काथ्याचे आखूड तुकडे द्यावेत, कारण दोऱ्यांत पाय गुंतून बोटे सडतात.

आजाराविषयी थोडक्यात. हे पक्षी दुखणे लपवतात. अंग फुगवून, डोळे मिटून, शेपटी वरखाली हलवत बसलेला पक्षी आजारी पडून काही दिवस झालेले असतात. माणसांची औषधे देऊ नयेत. पक्षी आणण्यापूर्वीच आपल्या गावात पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कोण हे विचारून ठेवावे. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, नागपुरात तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय ही ठिकाणे आहेत, पण तालुक्याच्या गावी अशी सोय बहुधा नसते आणि हे वास्तव खरेदीआधीच मान्य केले पाहिजे. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवल्याशिवाय जुन्यांत मिसळू नये.

काही वाचक म्हणतील की पक्षी पिंजऱ्यात ठेवणेच गैर, मग पिंजऱ्याच्या मापांची चर्चा कशाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क असल्याचे निरीक्षण नोंदवले होते, आणि वन्य पक्ष्यांच्या बाबतीत ते मला शब्दशः मान्य आहे. पण शेकडो पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला कॅनरी किंवा बंगाली फिंच आज कुठल्या आकाशात सोडायचा? त्यांना परत जायला रान उरलेले नाही. जे आहेत त्यांना नीट ठेवणे, आणि नवीन गिऱ्हाईक येताना ते डोळे उघडून येईल हे पाहणे, एवढेच आपल्या हाती आहे.

आणि त्यासाठी कायदा आधीच आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मध्ये, हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी आणि उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध म्हटलेला आहे. पहिल्या अपराधासाठी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज किलोभर राळेही येत नाही. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनी अशा दुकानांना राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले, पण आपल्या पेठेतल्या कुठल्या दुकानात नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले दिसते ते वाचकांनीच पाहावे. पशुसंवर्धन खात्याने आणि महानगरपालिकांनी यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. प्रत्येक दुकानात मराठीत एक फलक लावायला सांगावा, ज्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जातीचे नाव, तिला लागणाऱ्या पिंजऱ्याची किमान लांबी, एकटा ठेवायचा की जोडीने, नोंदणी लागते की नाही आणि तो पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला आहे याची विक्रेत्याची सही, एवढे पाचच मुद्दे असतील. त्याच्याच प्रतीवर पावती द्यावी. परवाना नूतनीकरणाच्या वेळी या पावत्या तपासाव्यात, आणि दीड फुटी पिंजरा फिंचच्या जोडीचे घर म्हणून विकण्यास मनाई करावी.

पुढील सुट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी हे झाले तर बरे होईल.

आपला विश्वासू,
एक पक्षीपालक वाचक,
ठाणे